कॉलेज फुटबॉलमधला मान : जिंकणं थांबल्यावर कोणाचा टिकतो आणि कोणाचा जातो?

लाल_शनिवार :

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज धागा काढतोच. मी लिंकनला, म्हणजे नेब्रास्कात, बारा वर्षं राहतोय. इथे आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉलचे नियमही माहीत नव्हते, शेजारच्या आजोबांनी अंगणात बसून शिकवले, त्यांच्याकडे मेमोरियल स्टेडियमची दोन सीझन तिकिटं आहेत आणि आजी गेल्यापासून दुसऱ्या सीटवर बऱ्याचदा मी असतो.

तर प्रश्न असा. नेब्रास्का विद्यापीठाच्या टीमचं शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद १९९७ चं. कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांशी दर वर्षी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, शेवटची जिंकली १९९९ ला. २०१७ ते २०२३ सलग सात सीझन साधा एक बोल गेम नाही, म्हणजे सीझन संपल्यावरच्या मॅचसाठी लागतात तेवढे विजयसुद्धा नाहीत. आणि तरी ३ नोव्हेंबर १९६२ पासून आजपर्यंत घरच्या प्रत्येक मॅचची सगळी तिकिटं विकली गेलीत, ४०० मॅचचा आकडा केव्हाच पार झालाय. आता याच्या शेजारी मिनेसोटा ठेवा. १९३४ ते १९४१ मध्ये पाच राष्ट्रीय विजेतेपदं, मग १९६० ला अजून एक, आणि आज बाहेरच्या माणसाला विचारलं तर मोठ्या टीमांच्या यादीत तो मिनेसोटाचं नाव घेणारच नाही. येल आणि प्रिन्स्टन तर पंचविसाच्या वर विजेतेपदं सांगतात पण ती जवळजवळ सगळी पणजोबांच्या काळातली.

मग मान नेमका कशाने मिळतो आणि कशाने टिकतो? मला स्वतःला वाटतं की मिळतो जिंकून आणि टिकतो दुसऱ्याच कशानेतरी, ते दुसरं काय ते तुमच्याकडून ऐकायचंय. अमेरिकेत विद्यापीठांच्या गावी राहिलेले इथे बरेच आहेत म्हणून विचारतोय.

आकडेमोड :

चांगला धागा. पण "दुसरंच काहीतरी" कडे इतक्या लवकर जाऊ नका. नेब्रास्काने १९६९ ते २००१ सलग ३३ सीझन दर वर्षी कमीत कमी नऊ मॅच जिंकल्यात. तेहतीस! एवढ्या काळात माणूस शाळेत जातो, लग्न करतो, त्याची पोरं कॉलेजात जातात आणि या सगळ्यात टीम वाईट खेळतेय असा एकही हंगाम त्याने पाहिलेला नसतो. हे व्याज आज खाताय तुम्ही.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. मिनेसोटा जिंकली ती रेडिओच्या काळात, नेब्रास्का जिंकली ती टीव्ही घरोघर आल्यावर. १९७१ च्या थँक्सगिव्हिंगला नेब्रास्काने ओक्लाहोमाला ३५-३१ हरवलं ती मॅच अख्ख्या देशाने सुट्टीच्या दिवशी घरी बसून बघितली, दोन्ही टीम पहिल्या-दुसऱ्या नंबरच्या. अशी एक मॅच दहा विजेतेपदांचं काम करते.

आणि टीव्हीचंच पुढचं सांगतो, हे फार लोकांना माहीत नसतं. १९८४ पर्यंत कोणाच्या किती मॅच टीव्हीवर दाखवायच्या हे एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशभरची संघटना, ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी कोर्टात नेलं आणि सुप्रीम कोर्टाने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. त्या दिवसापासून टीव्हीचे हक्क मोकळे झाले आणि जे त्या वेळी मोठे होते त्यांनाच चॅनेलवाल्यांनी उचललं, मग तेच जास्त दिसले, मग चांगली पोरं तिथेच खेळायला गेली. मोठेपणा कुलूपबंद झाला म्हणा ना. म्हणून माझ्या मते निम्मं उत्तर "१९८४ ला तुम्ही कुठे उभे होतात" हेच आहे.

साउथबेंडची_लेक :

आकडेमोड, टीव्हीचं बरोबर आहे पण मग नोत्र दामचं काय कराल? त्यांचा पाया टीव्हीच्या कितीतरी आधीचा आहे. मी तिथे पाच वर्षं होते, नवरा पोस्टडॉक करत होता, आम्ही दोघं कॅथलिकही नाही पण त्या गोष्टीने मला जितकं धरून ठेवलं तितकं त्या खेळाने नाही.

इंडियानातलं एक छोटं कॅथलिक कॉलेज. १९१३ ला आर्मीसारख्या, म्हणजे लष्करी अकादमीच्या, बलाढ्य टीमला तिच्या घरी ३५-१३ हरवलं, आणि ते पुढे पास फेकून, जे तेव्हा कोणी इतक्या सर्रास करत नव्हतं. त्या टीममधला नूट रॉकनी नावाचा पोरगा पुढे कोच झाला, १९१८ ते १९३०, १०५ विजय आणि फक्त १२ पराभव. रॉकनी स्वतः नॉर्वेत जन्मलेला, लहानपणी शिकागोत आलेला. आता तो काळ आठवा, आयर्लंड, इटली, पोलंडहून आलेली कॅथलिक माणसं खाणीत, गिरणीत राबताहेत, कॅथलिक म्हणून त्यांना हिणवलं जातंय, १९२४ ला तर खुद्द साउथ बेंडमध्ये, म्हणजे कॉलेजच्याच गावात, कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या कु क्लक्स क्लॅनचे लोक जमले आणि नोत्र दामच्या पोरांनी त्यांना रस्त्यावर अडवलं. आणि त्याच वर्षीच्या शरदात हीच टीम एकही मॅच न हरता विजेती होते! न्यूयॉर्कमधल्या ज्या माणसाने कधी कॉलेजचं दार पाहिलं नाही तो सबवेत बसून यांच्या मॅचला जायचा, त्यांना "सबवे अॅल्युमनाय" असंच नाव पडलं. त्याचं पोरगं शाळेत शिकलं नसेल तरी शनिवारी त्याचं कॉलेज जिंकलेलं असायचं.

रॉकनी १९३१ ला विमान अपघातात गेला तेव्हा अंत्ययात्रा रेडिओवरून देशभर ऐकवली होती. विजेतेपद शेवटचं १९८८ ला, तरी १९९१ पासून घरच्या मॅच दाखवायला एनबीसी चॅनेलचा स्वतंत्र करार आणि कोविडचं २०२० चं एक वर्ष सोडलं तर फुटबॉलसाठी ते कुठल्या कॉन्फरन्समध्ये गेलेले नाहीत. हे सगळं त्या सबवेतल्या माणसाच्या नातवंडांच्या जोरावर. म्हणजे माझ्या मते पहिली गोष्ट, टीमने कोणाचीतरी मान वर केलेली असावी लागते. नुसतं जिंकून ते होत नाही, कोणासाठी जिंकलात ते लोक लक्षात ठेवतात.

तालीमकर :

मी अमेरिकेत कधी गेलो नाही, यूट्यूबवर बघतो तेवढंच. पण ताईंनी जे लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला राव. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर या, पायाने खेळायचा फुटबॉल आहे पण गोष्ट तीच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, ही नावं क्लबांची नाहीत, पेठेची आणि तालमीची आहेत. पोरगं कुठल्या टीमचं हे ते जन्मतं त्या गल्लीवर ठरतं, त्याला कोणी विचारत नाही. टीम चार वर्षं हरली म्हणून पेठ बदलत नाही कोण. उलट हरल्यावर जास्त माणसं येतात, का तर आता आपली गरज आहे म्हणून.

माझा प्रश्न, तिकडे पोरगं चार वर्षात पास होऊन निघून जातं, खेळाडू पण जातात, मग पेठ कुठली? कोण धरून ठेवतं?

लाल_शनिवार :

तालीमकर, प्रश्न एकदम मुळाला हात घालणारा. नेब्रास्कापुरतं सांगतो. इथे पेठ म्हणजे अख्खं राज्य. व्यावसायिक मोठी टीम एकही नाही, ना फुटबॉलची, ना बेसबॉलची, ना बास्केटबॉलची. ओमाहाचा डॉक्टर आणि पार पश्चिमेचा पाचशे-सहाशे वस्तीच्या गावातला मका पिकवणारा शेतकरी, दोघांना एकत्र आणणारं हे एकच. मॅचच्या दिवशी स्टेडियममधली गर्दी हे राज्यातलं तिसऱ्या नंबरचं शहर होतं असं इथे लहान पोरही सांगतं, आणि ते खरं आहे, लिंकन आणि ओमाहा सोडलं तर पंच्याऐंशी हजारांचं गावच नाही.

आणि खेळाडूंचं म्हणाल तर बॉब डेव्हनी आणि मग टॉम ऑस्बोर्न या दोन कोचांनी वॉक-ऑनची पद्धत मोठी केली. म्हणजे स्कॉलरशिप नाही, पण यायचंय त्याने स्वतःच्या खर्चाने या, घाम गाळा, लायक ठरलात तर खेळवू. गावोगावची शेतकऱ्यांची पोरं आली. त्यातला एखादा जरी शनिवारी मैदानात उतरला की त्या गावातून गाड्या भरून माणसं लिंकनला, आणि तो नाही उतरला, बाकावर बसून राहिला, तरी येतातच. आजोबांचा पुतण्या असाच चार वर्षं बाकावर होता. चार वर्षांत त्याला मोजून काही मिनिटं मिळाली असतील, पण त्यांच्या घरी दिवाणखान्यात त्याचाच फोटो आहे.

बर्फातला_मावळा :

मिनियापोलिसहून. धाग्यात आमचं नाव वाईट उदाहरण म्हणून आलंय ते मान्य, पण कारण जिंकणं थांबलं एवढंच नाही हे मला ठामपणे सांगायचंय.

१९८२ ला विद्यापीठाने कॅम्पसवरचं स्वतःचं जुनं स्टेडियम सोडलं आणि गावात मेट्रोडोममध्ये खेळायला सुरुवात केली. छप्पर असलेलं, ऊबदार, नवं कोरं, बेसबॉलची आणि व्यावसायिक फुटबॉलची टीम तिथेच. कागदावर सगळं फायद्याचं. पण झालं काय की विद्यार्थी हॉस्टेलमधून चालत मॅचला जायचा तो बंद झाला. ऑक्टोबरची थंडी, पानं पडलेली, बँड कॅम्पसमधून वाजत निघालाय, जुने विद्यार्थी आपल्या डिपार्टमेंटसमोर उभे राहून पोराला खिडकी दाखवताहेत, हे सगळं गेलं. सत्तावीस वर्षं! २००९ ला परत कॅम्पसवर स्टेडियम बांधलं, चांगलं आहे, मी जातो. पण सत्तावीस वर्षांत एक पिढी मोठी झाली जिच्यासाठी शनिवार म्हणजे दुसऱ्याच्या घरी भाड्याने केलेलं कार्य होतं. तेवढ्यात शेजारी व्हायकिंग्ज ही व्यावसायिक टीम आहेच, लोक तिकडे गेले.

एक गोष्ट मात्र शिल्लक आहे. १९०३ ला मिशिगनची टीम इथे आली होती, सलग मॅच जिंकत आलेली, आणि आम्ही ६-६ बरोबरी केली. जाताना ते आपली पाण्याची मातीची सुरई विसरून गेले. त्या सुरईसाठी आजही मॅच होते, जिंकेल त्याने घेऊन जायची. बहुतेक वेळा मिशिगनच घेऊन जाते ही गोष्ट वेगळी, पण ज्या वर्षी सुरई इथे राहते त्या रात्री माझ्यासारखा बाहेरून आलेला माणूससुद्धा झोपत नाही.

आकडेमोड :

मावळे, हे पटलं. मायामीचं पण असंच म्हणता येईल, १९८३ ते २००१ पाच विजेतेपदं, पण स्टेडियम कॅम्पसपासून लांब, जुना ऑरेंज बोल २००८ ला पाडला आणि आता व्यावसायिक टीमच्या मैदानात खेळतात. टीम हरायला लागली की खुर्च्या रिकाम्या. जिंकण्यात नेब्रास्काच्या बरोबरीचे आहेत, गर्दीत नाहीत. म्हणजे माझ्या निम्म्या उत्तराला उरलेलं निम्मं मिळतंय हळूहळू.

पण एक शंका ठेवतो, लाल_शनिवार यांना वाईट वाटू नये. तो ४०० मॅचचा सिलसिला चालू ठेवायला मधल्या वाईट वर्षांत उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेतलीत ना? मग ते खरं "फुल्ल" का?

लाल_शनिवार :

वाईट कशाला वाटेल, खरंच आहे ते. २०२१ ला उरलेली तिकिटं स्थानिक लोकांनी पैसे भरून घेतली आणि ज्यांना परवडत नाही अशा घरच्या पोरांना वाटली. मी याकडे असं बघतो की सिलसिला तुटू नये म्हणून कोणीतरी स्वतःच्या खिशातून पैसे काढतो हाच मान आहे, दुसरा कुठला? आणि त्या पोरांपैकी किती जण वीस वर्षांनी स्वतः तिकीट काढतील ते बघायला मी इथे असेन अशी आशा आहे.

आणि गर्दी निव्वळ पुरुषांच्या फुटबॉलची नाही. ३० ऑगस्ट २०२३ ला त्याच स्टेडियममध्ये मुलींच्या व्हॉलीबॉलची मॅच ठेवली होती, ९२,००३ लोक आले. मी लेकीला घेऊन गेलो होतो. ती नऊ वर्षांची होती आणि परत येताना गाडीत एक शब्द बोलली नाही, नुसती बाहेर बघत होती.

उत्तरेची_पोर :

अॅन आर्बर! आमच्याशिवाय हा धागा पुरा कसा होईल. मिशिगन स्टेडियम १९२७ चं, १,०७,६०१ क्षमता, आणि १९७५ च्या नोव्हेंबरपासून, कोविडचं वर्ष सोडून, घरच्या प्रत्येक मॅचला लाखाच्या वर माणूस. बाहेरून बघाल तर एवढं मोठं वाटतच नाही कारण बरंचसं जमिनीखाली खणलेलं आहे, आत शिरल्यावर पायाखाली दरी उघडावी तसं होतं. हेल्मेटवरचे पिवळे पंख १९३८ पासून तेच. २०२३ च्या नोव्हेंबरला १,००० वा विजय मिळवणारी पहिली टीम झालो, आणि त्याच सीझनला विजेतेही.

पण मला जिंकण्यापेक्षा हरण्यावरून सांगायचंय. १ सप्टेंबर २००७ ला अॅपालॅचियन स्टेट नावाच्या खालच्या विभागातल्या टीमने आम्हाला आमच्याच घरी ३४-३२ हरवलं. देशभर पहिल्या पानावर बातमी. आता विचार करा, कुठल्याही मधल्याफळीच्या टीमला तसं कोणी हरवलं असतं तर दुसऱ्या दिवशी कोणी बोललं असतं का? तुम्ही पडलात की आवाज किती लांब जातो त्यावरून तुम्ही किती उंचीवर होतात ते कळतं. पुढची सात-आठ वर्षं आमची बरीचशी वाईटच गेली, पण लाख माणूस येतच राहिला.

आणि हो, शत्रू लागतो. चांगला, मोठा, कायमचा शत्रू.

बकआय_काका :

शत्रू हजर आहे. कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावी, एकोणतीस वर्षं. उत्तरेची_पोर, तुझं लिखाण मनापासून आवडलं, एवढं बोलून पुढचं बोलतो.

आमच्याकडे मिशिगनच्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवरचं एम अक्षर लाल पट्टी चिकटवून झाकतात. वुडी हेज आमचा कोच, त्याच्याच हाताखाली तयार झालेला बो शेम्बेक्लर १९६९ ला मिशिगनचा कोच झाला आणि पहिल्याच वर्षी, आम्ही गतविजेते आणि कोणालाच हरवता न येणारे असताना, २४-१२ ने आम्हाला लोळवलं. पुढची दहा वर्षं गुरू-शिष्यात जे झालं त्याला इथे युद्धच म्हणतात. दोघांना एकमेकांनी मोठं केलं. हेज १९७८ च्या शेवटी एका बोलमध्ये समोरच्या टीमच्या खेळाडूला ठोसा मारून बसले आणि दुसऱ्याच दिवशी नोकरी गेली, चुकलंच त्यांचं आणि विद्यापीठाने केलं ते बरोबरच. ओहायो स्टेट मात्र तिथे थांबली नाही कारण तोपर्यंत ती एका माणसाची उरली नव्हती.

आता ताजं सांगतो. २०२४ च्या सीझनला आम्ही घरी मिशिगनकडून १३-१० हरलो. त्या संध्याकाळी कोलंबसमध्ये लोक कोचला काढा म्हणत होते, माझ्या घरी जेवायला चार माणसं होती, कोणी नीट जेवलं नाही. मग प्लेऑफ झाले, पहिल्यांदाच बारा टीमांचे, आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ हरवून आम्ही राष्ट्रीय विजेते. आनंद झालाच, रडलो मी. पण आजही मुलाशी फोनवर त्या सीझनबद्दल बोलताना तो पहिलं वाक्य "बाबा, पण ती मॅच" असंच बोलतो. विजेतेपद मिळूनही सलतं अशी एक मॅच ज्यांच्या कॅलेंडरात आहे त्यांचा मान जात नाही, कारण सगळं गेलं तरी वर्षातून एक दिवस तरी साऱ्या जगाने बघावा असा उरतो.

उत्तरेची_पोर :

काका, तुमच्या मुलाला सांगा आम्ही पण ती मॅच विसरलेलो नाही. :) आणि तुमचा बँड चालत चालत ओहायो लिहितो आणि शेवटी सुसाफोनवाला जाऊन आय वरचा ठिपका होतो ते बघायला मी दर दोन वर्षांनी येते, हे कबूल करते.

तालीमकर :

काय माणसं आहात राव. वाचतोय, लिहीत राहा.

टस्कलूसा_रिटर्न :

अलाबामात सहा वर्षं काढून आता पुण्यात. एक कोच म्हणजे सगळं नाही हे काकांनी लिहिलं, आमचं उदाहरण थोडं वेगळं आहे म्हणून लिहितो. बेअर ब्रायंट १९५८ ते १९८२, सहा विजेतेपदं. निवृत्त झाले आणि महिन्याभरातच, जानेवारी १९८३ ला गेले, टस्कलूसाहून बर्मिंगहॅमपर्यंत हायवेच्या कडेने माणसं उभी होती. त्यांच्यानंतर १९९२ चं एक विजेतेपद सोडलं तर निक सेबन २००७ ला येईपर्यंत चढउतारच होते. पण त्या सगळ्या काळात ती खुर्ची देशातली सगळ्यात अवघड खुर्ची मानली जायची, आणि म्हणूनच सेबनसारखा माणूस यायला तयार झाला आणि त्याने पण सहा जिंकली. म्हणजे जुना मान हा पुढच्या माणसाला ओढून आणतो. रिकाम्या हाताने टीम उभी करणारा कोच कधीतरी मिळतो, पण वारसा सांभाळायला येणारे बरेच मिळतात.

एक गोष्ट मात्र लपवायची नाही. १ जानेवारी १९२६ ला अलाबामाने रोझ बोलमध्ये वॉशिंग्टनला २०-१९ हरवलं तेव्हा अख्ख्या दक्षिणेला वाटलं आपली मान वर झाली, साउथबेंडच्या ताई म्हणतात तसंच. पण ती "अख्खी दक्षिण" म्हणजे गोरी दक्षिण होती. कृष्णवर्णीय पोरांना त्या टीमचं दार पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं बंद होतं. १९७० ला कॅलिफोर्नियातल्या यूएससीची टीम बर्मिंगहॅमला आली, त्यांचा सॅम कनिंगहॅम धावला आणि अलाबामा घरी ४२-२१ हरली, पुढच्या वर्षी अलाबामाच्या मैदानात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला. माझा लॅबमधला मित्र, कृष्णवर्णीय, चौथ्या पिढीचा टस्कलूसाकर, सांगायचा की त्याचे आजोबा रेडिओ लावायचे पण दुसऱ्या टीमसाठी. आणि तो स्वतः लाल टोपी घालून माझ्या शेजारी उभा. मान टिकवायचा तर आत कोणाला घेतलं नाही हेही टीमला आठवत राहिलं पाहिजे असं मला त्याच्याकडे बघून वाटायचं.

बाकी उत्तरेच्या पोरीशी सहमत. ५ ऑक्टोबर २०२४ ला अलाबामा पहिल्या नंबरवर असताना व्हॅंडरबिल्टने ४०-३५ हरवलं. तिथल्या पोरांनी गोलपोस्ट उपटले, खांद्यावर घेऊन नॅशविलच्या रस्त्यांतून नेले आणि कंबरलंड नदीत टाकले. टीव्हीवर बघताना वाईटही वाटत होतं आणि अभिमानही.

हाउडी_सांगलीकर :

टेक्सस ए अँड एम, कॉलेज स्टेशन. आमचं राष्ट्रीय विजेतेपद १९३९ चं, कॉन्फरन्स शेवटची १९९८ ला. आकड्यांनी बघाल तर आम्ही या धाग्यात यायलाच नको. तरी काइल फील्डला लाखावर माणूस, आणि विद्यार्थी पूर्ण मॅच उभे. बसत नाही कोणी. कारण १९२२ च्या जानेवारीत एका मॅचमध्ये टीमचे खेळाडू एकामागून एक जखमी होत होते, तेव्हा वर प्रेक्षकांत असलेल्या ई. किंग गिल नावाच्या विद्यार्थ्याला कोचने बोलावलं, तो खाली येऊन कपडे बदलून शेवटपर्यंत तयार उभा राहिला. त्याला खेळावं लागलंच नाही. टीम जिंकली. तो फक्त उभा होता! आणि शंभर वर्षं झाली, एमएसला आलेला सांगलीचा पोरगा पहिल्या सेमिस्टरला पाय दुखेस्तोवर उभा राहतो कारण शेजारचा सिनियर सांगतो की तू बारावा आहेस, कधीही बोलावतील.

याहून मोठं म्हणजे २१ एप्रिलचा मस्टर. त्या वर्षात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं एकेक करून पुकारतात आणि त्याच्या घरचा किंवा मित्र उभा राहून "हिअर" म्हणतो, मेणबत्ती लागते. फुटबॉलचा याच्याशी संबंध नाही म्हणाल, पण मला वाटतं आहे. ज्या गावात गेलेल्या माणसाची हजेरी लागते तिथे हरलेल्या टीमची लागणार नाही का?

आयोवा_सिटी_नाइट_ड्युटी :

मोठं लिहायला वेळ नाही, ड्युटीवर जायचंय. आयोवा विद्यापीठाच्या किनिक स्टेडियमला लागून मुलांचं हॉस्पिटल आहे, वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं. २०१७ पासून पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम, दोन्ही टीम, रेफरीसुद्धा, वळून वर हात हलवतात. वर खिडकीत पोरं उभी असतात, काहींच्या हाताला सलाइन असतं. मी वरच्या बाजूला उभी राहिलेय आणि खालच्याही. आयोवा शेवटची कधी जिंकली ते वरच्या पोरांना माहीत नसतं.

आकडेमोड :

यावर काय लिहू. हात हलवणारा आकडा नाही माझ्याकडे.

पण उलट बाजूची एक कथा ठेवतो, मान मुद्दाम सोडून दिल्याची. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो. बिग टेन या मोठ्या कॉन्फरन्सच्या संस्थापकांपैकी, अॅलन्झो स्टॅग चाळीस वर्षं कोच, १९३५ ला सर्वोत्तम खेळाडूची पहिली हाइझमन ट्रॉफी यांच्याच जे बरवँगरला. पण तेव्हाचे प्रेसिडेंट हचिन्स, त्यांचं म्हणणं विद्यापीठ अभ्यासासाठी आहे. १९३९ ला मिशिगनने ८५-० हरवलं आणि वर्ष संपता संपता फुटबॉलच बंद केला. रिकाम्या स्टॅग फील्डच्या स्टँडखाली २ डिसेंबर १९४२ ला फर्मीने पहिली अणुसाखळी चालवून दाखवली. पुढे १९६९ ला छोट्या पातळीवर परत सुरू केलं. मला दोन्ही बाजू कळतात, पण वर जे सगळं वाचलं ते शिकागोला नाही, आणि ते पैशाने परतही घेता येत नाही.

पैशाचंच म्हणाल तर आता २०२१ पासून खेळाडूंना नावावर पैसे मिळतात, दर वर्षी टीम बदलता येते. १९८७ ला खेळाडूंना गुपचूप पैसे दिले म्हणून डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाचा अख्खा सीझन रद्द झाला होता, त्यानंतर त्यांना बोल दिसला थेट २००९ ला, आणि आज तेच उघड आणि कायदेशीर. पोरांना त्यांच्या कष्टाचे पैसे मिळावेत हे मला पूर्ण मान्य आहे. पण तालीमकरांचा प्रश्न आता जास्त खरा झालाय, खेळाडू एकाच वर्षासाठी येणार असेल तर तो बाकावर बसलेला पुतण्या कुठून येणार?

लाल_शनिवार :

याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून एक जुनी मॅच सांगतो, जी आजोबांनी मला सगळ्यात जास्त वेळा सांगितलीय. २ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल, मायामीविरुद्ध. नेब्रास्का त्या वर्षी एकही मॅच न हरलेली. शेवटच्या मिनिटात टचडाऊन करून ३१-३० पर्यंत आली. एक पॉइंटची किक मारली असती तर बरोबरी आणि बहुतेक विजेतेपद घरी. ऑस्बोर्न म्हणाले नाही, जिंकायला खेळू, दोन पॉइंटचा प्रयत्न केला, चेंडू बोटांना लागून पडला. गेलं. ऑस्बोर्नना पहिलं विजेतेपद मिळायला अजून अकरा वर्षं लागली.

आजोबा सांगतात, दुसऱ्या दिवशी गावातल्या हॉटेलात सकाळी सगळे शेतकरी कॉफीला जमले, कोणीही कोचला नाव ठेवलं नाही, एकजण एवढंच बोलला की बरोबर केलं. आणि मग सगळे कामाला गेले.

गेल्या नोव्हेंबरला शेवटच्या घरच्या मॅचनंतर स्टेडियम रिकामं होत होतं तरी आजोबा उठेनात, थंडी होती, मी म्हटलं बसा निवांत, गाड्या निघू देत. आणि मग विचारलंच, की इतकी वर्षं हरतेय टीम, तुम्ही का येता. त्यांनी पुढच्या रांगेकडे बोट केलं. म्हणाले ती दोन सीट लेव्हीवाल्या फार्मवरच्या भावांची, आता मोठ्याची मुलगी येते. तिच्या बाजूची शाळेच्या बँड मास्तरांची, ते गेल्यावर तीन वर्षं कोणी अनोळखी बसायचे, आता नातू येतो, ट्रॉम्बोन वाजवतो म्हणे. खांबाजवळची नवरा-बायकोची, त्यांची ओळख याच रांगेत झाली. असं करत त्यांनी अख्खी रांग सांगितली, मग खालची. आजीच्या सीटपाशी आले तेव्हा माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या सीटवर गेले. पार्किंग रिकामं होईपर्यंत आम्ही तिथेच होतो.